बटाट्याच्या मुळांवरील गाठी : लागणीपूर्वीच ओळखावयाची कीड

ऑक्टोबर महिना उजाडला म्हणजे करवीर तालुक्यातील शिवारांत पूर्वहंगामी उसाच्या सऱ्या पडू लागतात. उचगाव हे त्यांपैकीच एक गाव. ते कोल्हापूर शहरास लागून, पुणे–बंगळूर महामार्गाच्या कडेला आहे. बाजारपेठ हाकेच्या अंतरावर असल्यामुळे येथील बागायतदारास उसाच्या जोडीने भाजीपाला घेणे सोयीचे पडते. उसाचे पैसे हाती येण्यास वर्ष-सव्वा वर्ष लागते. सरीच्या बगलेला लावलेला बटाटा मात्र नव्वद ते शंभर दिवसांत निघतो आणि ऊस सावली धरू लागण्यापूर्वीच जागा मोकळी करून देतो. पूर्वहंगामी उसात बटाट्याचे आंतरपीक घेण्याची शिफारस याच कारणाने केली जाते.

परंतु एखाद्या वर्षी काढणीच्या वेळी निराळाच प्रकार दृष्टीस पडतो. बटाटे पोसलेले असतात, पण त्यांच्या सालीवर मुरमासारखे लहान-मोठे फोड उठलेले असतात. व्यापारी ढीग पाहतो, दोन बटाटे हातात घेऊन चाचपतो आणि भाव निम्म्यावर आणतो. शेतकरी बियाण्यास दोष देतो, कोणी खतास देतो, कोणी पाण्यास देतो. खरे कारण जमिनीत असते, आणि बहुधा ते बटाटा लावण्यापूर्वीपासूनच तेथे असते. बटाट्याच्या अगोदर त्या रानात जी वांगी, टोमॅटो किंवा भेंडी होती, तिच्या मुळांवर ही कीड पोसली गेलेली असते. बटाटा केवळ तिच्या तोंडी दिला जातो. म्हणून या किडीचा विचार बटाटा उगवल्यावर करून भागत नाही. तो सरी पाडण्याच्या अगोदर करावयास पाहिजे.

किडीची ओळख

या किडीस सूत्रकृमी म्हणतात. नावाप्रमाणेच ती सुतासारखी बारीक असते. गांडूळ किंवा हुमणीप्रमाणे ती डोळ्यांनी दिसत नाही. तिची पिले जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब असतात आणि त्यांना पाहण्यास सूक्ष्मदर्शक यंत्र लागते. जमिनीत सूत्रकृमींच्या अनेक जाती असतात आणि त्या सर्वच वाईट नसतात. कित्येक जाती कुजक्या पदार्थांवर व जिवाणूंवर जगतात आणि जमिनीच्या घडणीस हातभार लावतात. पिकांच्या मुळांवर जगणाऱ्या जातींपैकी आपल्याकडील बागायतीत सर्वांत त्रासदायक ती मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी होय. शास्त्रात तिच्या कुळास मेलॉइडोगायनी म्हणतात. त्यातील इन्कॉग्निटा व जावानिका या दोन जाती उष्ण प्रदेशांत सर्वत्र आढळतात.

ही कीड काही आजकालची नव्हे. इंग्लंडमध्ये बर्कले या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५५ साली काचगृहातील काकडीच्या मुळांवर अशा गाठी पाहिल्या होत्या. आपल्या देशात बार्बर यांनी १९०१ साली दक्षिणेतील देवळा येथील चहाच्या मळ्यात ती नोंदविली. तेव्हापासून वांगी, टोमॅटो, भेंडी, काकडीवर्गीय वेली, मिरची, हळद, आले, केळी, डाळिंब अशा शेकडो पिकांवर ती सापडत गेली. ज्या किडीस इतकी पिके चालतात, तिला उपाशी मारणे किती अवघड, हे सांगावयास नको.

तिचा जीवनक्रम समजून घेतला म्हणजे पुढील सर्व उपाय आपोआप उलगडतात. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू मातीच्या कणांवरील पाण्याच्या पातळ थरातून सरपटत मुळाच्या टोकाशी येते व तेथून आत शिरते. आत गेल्यावर ते एका ठिकाणी स्थिर होते आणि आपल्या लाळेने आजूबाजूच्या पेशी फुगवून मोठ्या करते. या फुगलेल्या पेशी म्हणजे तिची जणू भरलेली कणगीच. झाडाने पानांत तयार केलेले अन्न तेथे ओढले जाते आणि कीड ते बसल्या जागी खात राहते. पेशी फुगल्यामुळे मूळ तेथे सुजते. हीच ती गाठ. मादी पुढे नासपतीच्या आकाराची होते व चिकट गोळ्यात दोनशे ते पाचशे अंडी घालते. या जातींत नराची गरज लागत नाही; एकटी मादी पिढी चालवते.

जमीन सत्तावीस-अठ्ठावीस अंश सेल्सिअस उबदार असेल तर अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंतचा फेरा पंचवीस ते तीस दिवसांत पुरा होतो. एका मादीची तीनशे अंडी धरली व शंभरातील पाचच पिले जगली असे मानले, तरी पहिल्या पिढीस पंधरा माद्या, दुसरीस सव्वादोनशे आणि तिसरीस तीन हजारांहून अधिक होतात. टोमॅटोचे पीक चार-पाच महिने रानात उभे असते. बटाट्याच्या लागणीस जमिनीत किती कीड तयार असेल, याचा हिशेब येथे करता येतो.

थंडीत हा वेग मंदावतो. पौष-माघात जमीन गार असताना पिल्लांची हालचाल कमी होते. त्यामुळे वेळेवर लावून वेळेवर काढलेल्या बटाट्यास उशिरा काढलेल्या बटाट्यापेक्षा सामान्यतः कमी फोड येतात. फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन तापू लागल्यावरही भाव वाढण्याची वाट पाहत बटाटा जमिनीत ठेवणे, हे अशा रानात किडीस एक पिढी अधिक बहाल करण्यासारखे आहे.

शेतात ती येते कशी

सूत्रकृमी स्वतःच्या बळावर हंगामात एक मीटरदेखील जात नाही. बांध ओलांडून शेजारच्या रानात जाणे तिला शक्य नसते. तरीसुद्धा ती गावच्या गाव व्यापते, कारण तिची ने-आण माणूस करतो.

सर्वांत मोठे वाहन म्हणजे भाजीपाल्याचे तरू. एखाद्या वाफ्यात वर्षानुवर्षे रोपे केली जात असतील तर त्या वाफ्याची माती किडीने भरून जाते. रोप लहान असल्यामुळे मुळावरील गाठी मोहरीएवढ्या असतात व त्या कोणाच्या नजरेस येत नाहीत. एका एकराच्या लागणीत हजारो रोपे जातात, म्हणजे कीड हजारो ठिकाणी हाताने पेरली जाते. कोकोपीटमध्ये ट्रेमधून केलेली रोपे या बाबतीत पुष्कळ सुरक्षित असतात, मात्र ट्रे मातीवर न ठेवता मांडवावर ठेवलेले असावेत.

दुसरे वाहन अवजारांचे. भाड्याचा ट्रॅक्टर सकाळी एका रानात रोटाव्हेटर मारतो आणि दुपारी दुसऱ्या रानात उतरतो. दात्यांत अडकलेल्या ओल्या मातीच्या ढेकळात शेकडो अंडी असू शकतात. पूर्वी स्वतःचा नांगर स्वतःच्याच रानात फिरत असे, तेव्हा ही अडचण इतकी नव्हती. तिसरे वाहन पाटाचे पाणी. वरच्या रानातील सरीचे पाणी फुटून खालच्या रानात गेले की त्याबरोबर माती जाते. पंचगंगेच्या खोऱ्यात २०१९ च्या ऑगस्टमध्ये व २०२१ च्या जुलैमध्ये आले तसे महापूर तर बांधच मानीत नाहीत. पुराने गाळ बसलेल्या रानांत पहिली एक-दोन वर्षे मुळे तपासून पाहणे शहाणपणाचे ठरते.

चौथे वाहन स्वतः बटाटा. सालीखाली मादी व अंडी असलेला बटाटा बाहेरून कधी कधी चांगला दिसतो. बाजारातून खाण्याचा बटाटा आणून तो बियाणे म्हणून लावण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. तिच्यातील धोका हाच. एकरी सहा ते आठ क्विंटल बियाणे लागते. एवढ्या बियाण्यातील थोडे जरी किडके निघाले तरी रान कायमचे बाधते. 'कायमचे' हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. एकदा शिरलेली ही कीड संपूर्ण नाहीशी करता येत नाही, तिची संख्या दाबून ठेवता येते एवढेच.

उसाविषयी एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. ऊस घेतला म्हणजे जमीन शुद्ध झाली, असे पुष्कळांना वाटते. गाठी करणाऱ्या सूत्रकृमी उसाच्या मुळांवरही जगतात. गाठ बारीक असते आणि पीक जोमदार असल्यामुळे लक्षात येत नाही, एवढेच. शिवाय उसाच्या सरीत कामुनी, घोळ, माठ अशी तणे वाढत असतात आणि त्यांच्यावरही ही कीड निभावून नेते. खोडव्यानंतर लावलेला बटाटा निर्धास्त समजू नये.

लक्षणे आणि घोटाळे

जमिनीवरील लक्षणे फसवी असतात. शेतात ठिकठिकाणी चट्टे पडतात. त्या चट्ट्यांतील झाडे खुजी व पिवळसर राहतात आणि पाणी भरपूर असतानाही दुपारी माना टाकतात. हे सर्व नत्राच्या तुटवड्यानेही होते, निचरा नसल्यानेही होते. म्हणून केवळ पाने पाहून निदान करू नये. झाड उपटू नये. उपटताना बारीक मुळे तुटून जमिनीतच राहतात आणि गाठी त्यांच्यावरच असतात. खुरप्याने भोवतालची माती सैल करून झाड मातीसकट उचलावे, बादलीतील पाण्यात हलकेच बुचकळावे आणि मग मुळे पाहावीत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने शेतकऱ्यासमोर हे एकदा करून दाखविले म्हणजे व्याख्यानाची गरज राहत नाही.

बटाट्याच्या मुळांवरील गाठी टोमॅटोइतक्या मोठ्या नसतात. कित्येकदा त्या ज्वारीच्या दाण्याहून लहान असतात. म्हणून बटाट्यात कंद पाहणे अधिक खात्रीचे. फोड आलेल्या जागेची साल सुरीने पातळ काढावी. सालीखाली काही मिलिमीटरच्या आत तपकिरी ठिपके दिसतात आणि हातभिंगातून पाहिल्यास त्यांत मोत्यासारखा चमकणारा पांढरा कण, म्हणजे मादी, दिसते. खवड्या रोगातही साल खरबरीत होते, पण तेथे चट्टा बुचासारखा कोरडा व फुटलेला असतो आणि आत असे ठिपके नसतात.

दुसरा घोटाळा भुईमूग, सोयाबीन व हरभरा यांच्या बाबतीत होतो. या पिकांच्या मुळांवर नत्र साठविणाऱ्या जिवाणूंच्या उपयुक्त गाठी असतात. त्या मुळाच्या अंगाला बाहेरून चिकटलेल्या असतात. अंगठ्याने चोळल्यास सुट्या होतात आणि फोडल्यास आत गुलाबी रंग दिसतो. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेले. ती चोळून निघत नाही, निघालीच तर मुळासकट तुटते. हा भेद न कळल्यामुळे कोणी चांगल्या गाठी पाहून औषध शोधीत फिरतो, तर कोणी वाईट गाठी पाहून जमीन सुपीक झाली असे समजतो.

सूत्रकृमीमुळे होणारे नुकसान तिच्या एकटीचे नसते. तिने मुळास पाडलेल्या छिद्रांतून मर रोगाचे जिवाणू आत शिरतात. ज्यास पुणे जिल्ह्यातील बटाटे उत्पादक बांगडी रोग म्हणतात, तो बटाटा कापल्यावर दिसणाऱ्या तपकिरी कड्यावरून ओळखला जातो. गाठीची सूत्रकृमी असलेल्या रानात तो अधिक बळावतो. फोडांमुळे भाव उतरतो, बांगडीमुळे बटाटा सडतो.

फोड आलेला बटाटा खाण्यास अपायकारक नाही. साल जाड काढून तो खाता येतो. मात्र तो बियाण्यासाठी ठेवू नये, आणि धुतल्याचे पाणी व साली उकिरड्यावर किंवा मळ्यात टाकू नयेत. शीतगृहात ठेवल्याने त्यातील कीड मरेल, हा भरवसाही धरू नये.

लागणीपूर्वी रानाची परीक्षा

येथवर सांगितलेल्या गोष्टींतून एक सोपी परीक्षा निघते. तिला यंत्र लागत नाही, खर्चही जवळजवळ नाही. बटाटा ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावावयाचा असेल तर ती ऑगस्टच्या मध्यास सुरू करावी.

रानातील दहा-पंधरा ठिकाणची माती घ्यावी. वरचा दोन-तीन इंचांचा थर बाजूला सारून, वीतभर खोलीवरील, पूर्वीच्या पिकाच्या मुळांजवळची माती घ्यावी, कारण कीड तेथे असते. मागील पिकात जेथे चट्टे पडले होते ती जागा वगळू नये; उलट तेथून अधिक घ्यावी. सर्व माती एकत्र मिसळून तिचे दोन भाग करावेत. एक भाग तसाच एका कुंडीत भरावा. दुसरा भाग लोखंडी पाटीत घालून, थोडे पाणी शिंपडून, चुलीवर चांगला वाफ येईपर्यंत तापवावा व गार झाल्यावर दुसऱ्या कुंडीत भरावा. दोन्ही कुंड्यांत काकडीच्या बिया टोकाव्यात. कुंड्या एका फरशीवर, एकमेकींचे पाणी एकमेकींत जाणार नाही अशा ठेवाव्यात. टोमॅटोही चालतो, परंतु काही संकरित टोमॅटोंत या किडीस दाद न देण्याचा गुण असतो व मग परीक्षा फसते. काकडीत तो धोका नाही आणि गाठीही लवकर दिसतात.

तीस-पस्तीस दिवसांनी दोन्ही कुंड्या पाण्याने भरलेल्या घमेल्यात ओतून मुळे मोकळी करावीत. तापविलेल्या मातीतील मुळे स्वच्छ आणि न तापविलेल्या मातीतील मुळे गाठाळलेली निघाली, तर दुसरा पुरावा नको. दोन्ही स्वच्छ निघाल्यास रान बहुतांशी सुरक्षित समजावे. कीड अगदी थोडी असेल तर या परीक्षेत ती निसटू शकते, म्हणून उभ्या पिकाची मुळे पुढेही पाहत राहावीत. दोन्हींत गाठी आल्या, तर माती तापविण्यात कसूर झाली किंवा पाण्याने कीड एका कुंडीतून दुसरीत गेली असे समजून परीक्षा पुन्हा करावी.

ही परीक्षा करणारे शेतकरी फार थोडे आहेत. बियाणे, खत व मजुरी यांवर हजारो रुपये खर्च करणारा माणूस काकडीच्या दहा बियांचा कंटाळा करतो, याचे नवल वाटते.

गाठी आढळल्यास

पहिली गोष्ट, त्या रानात त्या वर्षी बटाटा लावू नये. हे ऐकण्यास कडू आहे, परंतु पुढील कोणताही उपाय लागणीनंतर उपयोगी पडत नाही. बटाट्याऐवजी गहू, मका किंवा ज्वारी यांसारखे तृणधान्य घ्यावे. ही पिके या किडीस वांगी-टोमॅटोइतकी पोसत नाहीत. कांदा, लसूण व मोहरी यांचाही फेरपालटात उपयोग होतो. उसात आंतरपीक घ्यावयाचेच असेल तर बटाट्याच्या जागी कांदा किंवा लसूण घ्यावा. जेथे पावसाळ्यात चिखलणी करून भात लावता येतो, तेथे साचलेल्या पाण्यामुळे भाजीपाल्यावरील ही कीड बरीच कमी होते. मात्र भाताची स्वतःची अशी निराळी गाठी करणारी जात आहे, हे लक्षात असावे.

पुढील वर्षाच्या तयारीत झेंडूचे स्थान मोठे आहे. झेंडूच्या मुळांत सूत्रकृमीस मारक असे द्रव्य असते. पिले त्या मुळांत शिरतात, पण वाढून अंडी घालीत नाहीत. उचगावसारख्या शहरालगतच्या गावी हा उपाय अंगवळणी पडण्यासारखा आहे, कारण दसरा-दिवाळीस झेंडूच्या फुलांना कोल्हापुरात गिऱ्हाईक असतेच. जुलैच्या अखेरीस लावलेला झेंडू दसऱ्यास तोडणीस येतो आणि दिवाळी आटोपताच नोव्हेंबरात रान रिकामे होते. किडीचा बंदोबस्त आणि फुलांचे पैसे, दोन्ही एकाच पिकात साधतात. मात्र बांधाच्या कडेने दोन ओळी लावून काम होत नाही. झेंडूचे मूळ जेथपर्यंत पोहोचते तेथपर्यंतच त्याचा अंमल; म्हणून संपूर्ण रानात दाट लावावा, निदान दोन-अडीच महिने उभा ठेवावा आणि मध्ये तण वाढू देऊ नये. तणावर कीड जगत राहिली तर झेंडू लावून न लावल्यासारखे होते.

उन्हाळ्यात रान रिकामे असेल तर एप्रिल-मे महिन्यांत दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा खोल नांगरट करावी. प्रत्येक वेळी खालची ओली माती वर येऊन उन्हात वाळते व तिच्यातील अंडी-पिले मरतात. एकदाच नांगरून ढेकळे तशीच पडू दिल्यास ढेकळाच्या पोटात ओल राहते आणि कीड तग धरते. भाजीपाल्याच्या रोपवाफ्यासाठी याहून प्रभावी उपाय आहे. मे महिन्यात वाफा भिजवून त्यावर पांढरा पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद अंथरावा, कडा मातीने घट्ट दाबाव्यात आणि चार ते सहा आठवडे तसेच ठेवावे. काळा कागद चालत नाही. ऊन आत शिरून माती तापली पाहिजे. संपूर्ण शेतासाठी हा खर्च परवडणार नाही, पण दोन-चार गुंठ्यांच्या रोपवाटिकेसाठी तो अवश्य करावा. कीड वाफ्यातच अडली म्हणजे पुढचे एकर वाचतात.

निंबोळी पेंड लागणीच्या दोन आठवडे अगोदर एकरी चारशे ते पाचशे किलो सरीत मिसळल्यास कीड काही अंशी दबते व पिकास नत्रही मिळते. सूत्रकृमीची अंडी खाणाऱ्या काही उपयुक्त बुरशी आता तयार मिळतात. त्यांपैकी पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम ही अधिक वापरात आहे; जुन्या पुड्यांवर तिचे नाव पॅसिलोमायसिस असे असते. अशी बुरशी थेट कोरड्या मातीत फेकणे म्हणजे पैसे फेकणे होय. चांगल्या कुजलेल्या शेणखतात ती मिसळून, ढीग सावलीत ओलसर ठेवून, दोन आठवड्यांनी सरीत घालावी. पुड्यावरील मुदत पाहून घ्यावी. ही बुरशी सजीव वस्तू आहे आणि उन्हात ठेवलेल्या दुकानातील पुड्यात ती जिवंत असेलच असे नाही.

मागील पिकाची गाठाळलेली मुळे रानातच राहू देणे, ही चूक सर्रास घडते. टोमॅटो किंवा वांग्याचा हंगाम संपला की झाडे वरच्या वर कापून नेली जातात. मुळे खणून, गोळा करून, वाळवून जाळावीत. ती शेणखताच्या खड्ड्यात टाकल्यास खताबरोबर सर्व शेतभर पसरतात. काढणीत राहिलेले बटाटे पुढे आपोआप उगवतात. तेही खणून काढावेत.

औषधांविषयी

गावोगावी पहिला प्रश्न येतो तो औषधाचा. या किडीच्या औषधांचा इतिहास बोध घेण्यासारखा आहे. १९५० नंतरच्या काळात नेमॅगॉन या नावाने डीबीसीपी हे धुरी देणारे द्रव्य जगभर वापरात आले व त्याने पिके खरोखर सुधारली. पुढे १९७७ साली अमेरिकेत ते तयार करणाऱ्या कारखान्यातील पुरुष कामगारांत वंध्यत्व आढळून आले. भारतात १९८९ साली त्यावर बंदी आली. त्यामागून अल्डीकार्ब व इथिलीन डायब्रोमाईड ही २००१ साली बंद झाली. फोरेटची विक्री व वापर ३१ डिसेंबर २०२० नंतर बेकायदेशीर झाला आहे. कोणाच्या कोठीत त्याचे जुने पुडके शिल्लक असेल तर ते वापरू नये, शेजाऱ्यास देऊ नये आणि विहिरीजवळ पुरू नये.

आज जी औषधे परवान्याने मिळतात, ती ज्या पिकासाठी लेबलवर नोंदविली आहेत त्याच पिकावर, त्याच मात्रेने वापरावयाची असतात. बटाटा हा जमिनीत पोसणारा आणि तीन महिन्यांत खाण्यात येणारा कंद आहे, म्हणून येथे ही मर्यादा विशेष पाळली पाहिजे. टोमॅटोसाठी मिळालेले औषध बटाट्यास चालेल, असे परस्पर ठरवू नये. औषधाने कीड काही आठवडे दबते. पिकाच्या अखेरीस ती पुन्हा पूर्वपदावर येते. दर वर्षी औषध आणि दर वर्षी तेच पीक, हा मार्ग शेतकऱ्यास परवडत नाही.

बियाणे आणि बाहेरची कीड

जातींच्या बाबतीत अद्याप दिलासा नाही. आपल्याकडे लावल्या जाणाऱ्या बटाट्याच्या जातींपैकी गाठीच्या सूत्रकृमीस भरवशाने तोंड देणारी एकही नाही. कुफरी लवकर ही १९७२ साली प्रसारित झालेली जात महाराष्ट्राच्या पठारास मानवते, पण ती लवकर तयार होते एवढाच तिचा या बाबतीत फायदा. म्हणून प्रमाणित बियाणे घेणे आणि तेही घेताना प्रत्येक पोत्यातील चार-पाच बटाटे सोलून पाहणे, हाच मार्ग उरतो. पोत्याच्या तळाशी साठलेली माती रानात झटकू नये.

या मातीचा उल्लेख करण्याचे आणखी एक कारण आहे. गाठीच्या सूत्रकृमीहून निराळी, बटाट्याची सोनेरी सूत्रकृमी म्हणून एक कीड आहे. तिचे मूळ स्थान दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत. तेथून ती बटाट्याबरोबर युरोपात गेली. भारतात ती १९६१ साली निलगिरीत उदकमंडलम येथे जोन्स यांना सापडली. तिची मादी मेल्यावर तिच्या शरीराचाच कठीण कोष बनतो आणि त्या कोषातील शेकडो अंडी वीस वर्षांपर्यंत जमिनीत जिवंत राहू शकतात. तमिळनाडू सरकारने १९७१ साली निलगिरीतून बियाण्याचा बटाटा बाहेर नेण्यावर निर्बंध घातले. कुफरी स्वर्णा, कुफरी नीलिमा या तिला दाद न देणाऱ्या जाती पुढे त्या भागासाठी काढण्यात आल्या. २०१८ साली हिमाचल प्रदेश, उत्तराखंड व जम्मू-काश्मीर येथील काही भागांतही ती आढळल्यावर केंद्र सरकारने तेथील बियाण्याच्या बटाट्याच्या वाहतुकीवर बंधने आणली. तिला थंड हवामान मानवते; कोल्हापूरच्या उबदार जमिनीत ती सहजी मूळ धरील असे नाही. तथापि आपल्या राज्यात बियाणे बाहेरून येते, आणि वीस वर्षे टिकणाऱ्या किडीच्या बाबतीत 'सहजी' या शब्दावर विसंबणे योग्य नव्हे.

बेळगावजवळही उचगाव नावाचे गाव आहे, आणि तो भाग व त्याला लागून असलेला आपला चंदगड तालुका तांबड्या मातीतील खरीप बटाट्यासाठी ओळखला जातो. करवीरच्या उचगावास बटाटा आंतरपीक आहे, तिकडे तो पावसाळ्यातील मुख्य पीक आहे. पावसाळ्यात जमीन उबदार व ओली राहते, म्हणजे किडीस दोन्ही गोष्टी अनुकूल; त्यामुळे तिकडे काकडीची परीक्षा वळवाच्या पावसापूर्वी, मार्च-एप्रिलात पाणी देऊन करावी लागेल. रताळ्यासही ही कीड लागते, हे तेथील शेतकऱ्यांनी फेरपालट ठरविताना विसरू नये.

नमुना पाठविण्याविषयी

कुंडीच्या परीक्षेनंतर किडीची जात व संख्या जाणून घ्यावयाची असेल तर मातीचा नमुना तपासून घ्यावा. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवरील अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचे केंद्र आहे; कोल्हापूरचे कृषी महाविद्यालय किंवा जवळचे कृषी विज्ञान केंद्र यांच्याकडे विचारणा केल्यास नमुना कोठे द्यावा हे कळते. हा नमुना नेहमीच्या माती परीक्षणाच्या नमुन्यासारखा वाळवावयाचा नसतो. वाळविला की कीड मरते आणि अहवाल 'कीड नाही' असा येतो. वीतभर खोलीवरील ओलसर माती पाव किलो आणि चिमूटभर बारीक मुळे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे, पिशवी सावलीत ठेवावी, गाडीच्या टपावर किंवा उन्हात ठेवू नये आणि दोन-तीन दिवसांत पोहोचती करावी. आत न टाकता बाहेरून बांधलेल्या चिठ्ठीवर शेतकऱ्याचे नाव, गाव, गट क्रमांक, मागील दोन पिके आणि पुढे लावावयाचे पीक लिहावे. मागील पिकांची नावे लिहिण्याचे पुष्कळदा राहून जाते, आणि तज्ज्ञाचा सल्ला त्यांच्यावरच अवलंबून असतो.